नारळ घेतला, पण फोडला नाही

...आणि वर म्हणतात कसे, तर शालिग्रामभाऊंनी अख्ख्या पारोळ्याला कोर्स विकला! विकला? अहो, कुणी विकला? ज्या माणसानं तो कोर्स स्वतः घेतला नाही, त्यातली एक कॅसेट कानाला लावली नाही, ज्यानं फक्त... फक्त हो... विचारलं! तुम्हाला सांगतो, आमच्याकडे माणूस चोरी करून एक वेळ सुटेल, पण विचारून सुटत नाही. आणि भाऊंचं तर जन्मभर एकच पालुपद, "इचाराले काय जास?" नुसतं विचारायला काय जातं! काय जातं ते आता ऐका. घाई आहे का तुम्हाला? असली तरी बसा.

तर शालिग्रामभाऊ म्हणजे किल्ल्याकडे जाताना डाव्या हाताला ती पिठाची गिरणी आहे ना, ते. गिरणी नावाला, खरा धंदा सल्ल्याचा, आणि तोही फुकट! डबा खाली ठेवायच्या आत बाई विचारणार, "भाऊ, पोरनं लगीन शे, भांडा कोठून लेवू?" की भाऊ पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून सांगणार, भांडी अमक्याकडे, लुगडी तमक्याकडे, आणि नारळ? नारळ फक्त रतिलालकडे! का? तर रतिलाल प्रत्येक नारळावर डोळ्यांजवळ निळ्या रंगाचा ठिपका मारतो. घरी नेला, फोडला, नासका निघाला, तर ठिपक्याची करवंटी घेऊन जा, दुसरा देतो, तोंड वाकडं न करता. "बदली देस, तो येपारी," भाऊ म्हणायचे. "बाकीना बठ्ठा फेरीवाला." आणि लोक ऐकायचे हो! भाऊंनी ज्या दुकानाचं नाव घेतलं ते चाललं, नाही घेतलं ते माशा मारत बसलं. सोयरीक जुळवायची तरी मधे भाऊ. त्यांच्या घरात लग्नात मिळालेले टावेल आणि टोप्या इतक्या, की सुगंधाबाईंनी विकत टावेल कधी आणलाच नाही. कमाई म्हणाल तर एवढीच, टावेल-टोपी आणि लोकांचा विश्वास.

सुगंधाबाई म्हणजे भाऊंची बायको. ही बाई कमी बोलते, पण बोलली की गिरणी बंद पडल्यासारखी शांतता होते. ती एकदा म्हणाली, "जनमभर फुकट सांगी ऱ्हायनात, लोकेस्ना माड्या उभ्या ऱ्हायन्यात, आन आपला गिरनीना पट्टा अजून दोरीवर बांधेल शे!" भाऊ हसले, पण ते वाक्य त्यांच्या मनात जाऊन बसलं. आणि माणसाच्या मनात असं काही बसलं की नेमका त्याच वेळी मेहुणा येतो. येतोच!

मेहुणा म्हणजे बन्सीलाल, धुळ्याचा. ससे पाळून झालेले, सशांनी बिळं करून पळून जाऊन झालेलं, मग सागाची रोपं, मग घरबसल्या मेणबत्त्या... तो साल चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर एक गुळगुळीत कागद घेऊन आला. "दाजी! बोला आणि कमवा! तुम्ही जे फुकट करता ना, त्याचे आता पैसे मिळतात! शास्त्र आहे शास्त्र!"

शास्त्र असं, की समजा तुमच्या ओळखीच्या माणसाला कुकर पाहिजे. तुम्ही त्याला तुमच्या नंबरची चिठ्ठी द्यायची, तो चिठ्ठी लावून कंपनीकडून कुकर मागवणार, कंपनी चिठ्ठीवरचा नंबर बघणार आणि कमिशन तुमच्या घरी मनिऑर्डरनं. माल तुमचा नाही, दुकान तुमचं नाही, तुम्ही फक्त चांगलं म्हणायचं! मग अडचण काय? अडचण ही, की नंबर पाहिजे. नंबर कुणाला? जो कोर्स घेईल त्याला. एक पुस्तक, सहा कॅसेटी, आणि फी एका नव्या सायकलीएवढी. म्हणजे चांगलं म्हणायला शिकायचं, तर आधी सायकल गमवायची!

भाऊंनी कागद चष्म्याजवळ नेला, लांब नेला, उलटा करून मागचं कोरं वाचलं. मोह झाला हो माणसाला, खोटं कशाला बोलू? आणि भीतीही वाटली. कारण आजवर भाऊ चांगलं म्हणाले ते चांगलं होतं म्हणून, कमिशन घेतलं तर उद्या दळणाला येणारी धुरपदाबाईसारखी भाबडी बाई म्हणेल की भाऊ आता पैशानं बोलतात! नावाला बट्टा लागला तर टावेल-टोपीनं पुसून निघत नाही. म्हणून भाऊंनी ठरवलं, कोर्स घेण्याजोगा आहे की नाही हे आधी चार लोकांना विचारायचं. विचारायला काय जातं?

झालं! दुसऱ्या दिवसापासून दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला, "कारे भो, असा असा एक कोर्स निंघेल शे. तुले कसा वाटस?" आता त्या माणसाला कसा वाटणार? त्यानं कोर्स हा शब्दच पहिल्यांदा ऐकलेला! पण तो घरी जाऊन बायकोला काय सांगणार? "भाऊ कोर्सनं सांगत व्हतात." बायको विहिरीवर काय सांगणार? "भाऊंनी कोर्स काढला." आठवड्याच्या आत बाजारात माणसं एकमेकांना विचारायला लागली, तुम्ही भाऊंचा कोर्स घेतला का? भाऊंचा! तुम्हाला सांगतो, जाहिरात करायला माणसं भिंती रंगवतात, भोंगे लावून रिक्षा फिरवतात, आणि इथे एक माणूस नुसती शंका घेऊन कोर्स गावभर पोचवत होता, तेही पीठ चाळता चाळता!

मग कोर्सवाल्यांचा, ते मूळ जळगावचे, कार्यक्रम धुळ्याला ठरला. कुठे? मंगल कार्यालयात! आता मंगल कार्यालय म्हटल्यावर आमची माणसं जशी जातात तशीच जाणार ना? स्थळ बघायला कुणी एकटं जातं का? भाऊंनी जीप केली. पुढे जीवरामआबा, म्हणजे भाऊंचे चुलते, भाऊबंदकीतलं शेवटचं कोर्ट. बन्सीलाल मधे, मागे शेजारचे तिघे, तिघेही न बोलणारे, पण पंच पाच लागतात म्हणून घेतलेले. निघताना आबांनी सगळ्यांना बजावलं, "चहा प्या, पन हा म्हनू नका."

कार्यालयात पोचल्यावर आबांनी पहिल्यांदा मोरी बघितली. हो, मोरी! घराची पारख मोरीवरून. मग खुर्च्या मोजल्या... नाही, मोजल्या नाहीत, हलवून बघितल्या. मग कोर्सवाले सर आले. व्ही. एन. सर! टाय, बूट, खिशाला बिल्ला, आणि बोलणं? "मित्रांनो! गरीब माणूस नुसता बोलतो! श्रीमंत माणूस बोलण्याचे पैसे घेतो! उठा! म्हणा, मी विकणार!" सगळं कार्यालय उठून म्हणतंय "मी विकणार", आणि आबा बसूनच विचारतायत, "काय ईकनार?" शेजारचा म्हणाला, गप बसा आबा. आबा गप बसणारे असते तर कोर्ट कशाला झाले असते? उठलेच ते. "पाव्हना, तुमनं गाव कोनतं?"

"आमचं काम सगळ्या देशभर—"

"ते ऱ्हाऊ द्या. गाव?"

"...चोपड्याकडचं."

"कोनाना रे तू?" सरांनी नाव सांगितलं आणि आबांचा चेहरा उजळला. "म्हंजे सुमनबाईना वना का? माय कशी शे तुनी? गुडघा दुखत व्हता तिना!" अख्ख्या कार्यालयासमोर व्ही. एन. सरांचा वना झाला! टाय तसाच, पण आतला माणूस दोन इंच बसला.

आणि मग आमचे भाऊ उभे राहिले. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी भाऊंनी जे तीन प्रश्न विचारले ना, ते कोर्टात वकिलानं विचारले असते तर त्याला हार घातला असता. पहिला, "यातून कमायेल एक मानूस दखाडा." सरांनी लगेच सफारीतला एक जण पुढे केला. हे बघा आमचे पुना सर, यांनी मोटारसायकल घेतली! भाऊ त्याला म्हणाले, "चांगलं शे. काय ईकं तुम्ही?"

"कोर्स."

"आन कुकर?"

"कुकर नाही. कोर्स."

"ज्याले कोर्स ईका, त्यानी काय ईकं?"

"त्यानंही... कोर्सच."

आता भाऊंचा दुसरा प्रश्न. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हंजे कुकर कोन्हीच ईका नही? कोर्समा शिकाडतस काय, ते कोर्स कसा ईकाना ते?" आणि मग तिसरा, भाऊंचा जन्माचा प्रश्न, "आन नासका निंघना तर बदली देतस का?"

आता सांगा, याचं उत्तर काय द्यायचं? वना... सर कच्चे नव्हते हो. ते टाळ्या वाजवायला लागले! एकटेच! मग पुना सर, मग पुढची रांग, मग सगळे. "अशा जिज्ञासू, अनुभवी, पारोळ्याच्या प्रतिष्ठित माणसाचा सत्कार झालाच पाहिजे!" कुठून टावेल आला, कुठून टोपी आली, भाऊंच्या हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ आला, फोटोवाल्यानं लखकन उजेड पाडला... आणि भाऊ, ज्यांनी आयुष्यात टावेल-टोपीला कधी नाही म्हटलं नव्हतं, त्यांनी सवयीनं डोकं पुढे केलं आणि हात पसरले. बस्स! प्रश्न हवेत, आणि नारळ हातात.

परतीची जीप निघाली. वाटेतलं मुकटी गाव मागे पडलं, तसे आबा बोलले. "शालिग्राम, पाच मानसस्ना समोर नारय लिधा तू."

"सत्कारना शे आबा तो!"

"मंगल कार्यालयमा, टावेल-टोपीसंगे, पाच पंच बशेल व्हतात. आपलामा याले बोलनी पक्की म्हंतस."

बन्सीलाल खूश. भाऊंना घाम. शेवटी भाऊंनीच आबांना आबांचाच कायदा दाखवला, की सोयरीक पक्की कधी? नारळ घेतला तेव्हा अर्धी, फोडून वाटला तेव्हा पुरी! आबांनी पारोळ्याच्या वेशीपर्यंत विचार केला आणि निकाल दिला. लिधा तर आर्धं, फोडा तर पुरं. जोवर हा नारळ फुटत नाही तोवर शालिग्रामनं कोर्सला होकार दिलेला नाही! भाऊंचा जीव भांड्यात पडला. घरी आल्या आल्या नारळ बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "हाऊ नारय फोडानं नही. जपीसन ठेव." आणि पाचही जण सुगंधाबाईंच्या हातचं जेवायला बसले, कारण धुळ्याला नुसती बिस्किटं मिळाली होती. काय रस्सा झाला होता त्या दिवशी! आबांनी तीनदा वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नारळ गिरणीत, गणपतीच्या फोटोखाली, सोनेरी कागदासकट विराजमान. पुरावा म्हणून हो! आणि लोक विचारायला लागले, "भाऊ, मग कोर्स कसा शे?" आता भाऊंनी सरळ म्हणावं ना, की बाबांनो, पोकळ आहे, घेऊ नका! पण नाही. जन्म सोयरिकीत गेलेला. आमच्याकडे मुलगी पसंत नाही पडली तर तोंडावर नाही म्हणतात का? "कळवतो" म्हणतात. कळवतो म्हणजे नाही, हे अगदी करवलीलाही कळतं. भाऊंनी प्रत्येकाला तेच सांगितलं, "इचार चालू शे. कळवतो." स्वतःच्या मते त्यांनी सगळ्या गावाला स्वच्छ नकार दिला होता! आणि गाव काय बघत होतं? तोंडानं कळवतो, आणि डोक्यावर सत्काराचा नारळ! गाव म्हणालं, भाऊ लाजतायत.

आणि मग कोर्स घ्यायला गेले हो, घाऊक गेले! कापूस विकून आलेले गेले, पोरं नोकरीला लागेनात म्हणून गेले, मेहुणे गेले, मेहुण्यांचे मेहुणे गेले. तिकडे जळगावला सरांनी भाऊंचा फोटो छापला, टोपी, टावेल, नारळ, आणि खाली "पारोळ्याचा विश्वास"! बन्सीलालनं कोर्स घेतला होताच, त्याच्या नंबरवर सगळे चढले, आणि तो धुळ्याला गेला तो पारोळ्याचा रस्ताच विसरला. महिन्याभरात गावात अशी स्थिती, की न्हाव्याच्या खुर्चीत बसलात तर न्हावी कोर्स विकतोय, तुम्ही न्हाव्याला विकताय, वस्तरा गळ्यावर, कोण कुणाला नाही म्हणणार? घराघरांतून सकाळी कॅसेटचा आवाज, "आरशासमोर उभे राहा! हसा! म्हणा, मी विकणार!" पण विकणार कुणाला? घेणारा उरलाच नव्हता. सगळं गाव आरशासमोर उभं, आणि आरसा काही कोर्स घेत नाही.

मग लोकांचा मोर्चा वळला गिरणीकडे. भाऊ, तुमच्यामुळे! भाऊ, तुम्ही सांगितलं! आरडाओरडा भाऊंनी ऐकून घेतला, त्याचं काही नाही. पण धुरपदाबाई आली. नवरा नाही, एकच पोरगा, त्याच्यासाठी तिनं कोर्स घेतलेला. ती ओरडली नाही. ज्वारीचा डबा काखेत धरून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही इचारत व्हतात. माले वाटनं, तुम्ही सांगी ऱ्हायनात." आणि डबा तसाच घेऊन पलीकडच्या गिरणीकडे गेली. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी भाऊंचं तोंड बघवत नव्हतं. गिरणी चालू होती, दगड फिरत होते, आणि आत दाणा नव्हता, हेसुद्धा त्या माणसाच्या लक्षात आलं नाही. विचारायला काय जातं म्हणायचे... हे जातं!

मग आबांना बोलावलं. रविवारी गिरणीसमोर सगळे जमले, धुरपदाबाईही आली, पण लांब, खांबाला टेकून. भाऊ उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज पट्ट्याच्या खडखडाटाशिवाय चढला. "मी कोर्स लिधा नही! मी कोन्हाले लेवाले सांगं नही! मी कळवतो म्हननू! आन हाऊ नारय..." त्यांनी फळीवरून नारळ उचलला, दोन्ही हातांत धरून सगळ्यांना दाखवला. "दखा! अजून फोडेल नही! आबा, तुमनाच कायदा शे!"

आबांनी मान हलवली. कायदा म्हणजे कायदा. फुटलेला नाही म्हणजे होकार नाही, होकार नाही म्हणजे शालिग्राम निर्दोष! आबांनी निकाल देण्यासाठी घसा खाकरला, रीत म्हणून नारळ हातात घेतला, आणि तो सोनेरी कागद... महिनाभर पिठात बसून ढिला झालेला... सरकन खाली आला.

डोळ्यांजवळ निळा ठिपका!

अख्ख्या पारोळ्यात त्या ठिपक्याला न ओळखणारं एक मूल नाही. धुळ्याच्या मंगल कार्यालयातल्या नारळावर रतिलालचा ठिपका कसा? भाऊ नारळाकडे बघतायत, आबा भाऊंकडे बघतायत, आणि सगळं गाव हळूहळू सुगंधाबाईंकडे बघायला लागलं.

"मंग काय करू?" सुगंधाबाई म्हणाल्या. "पाच मानसं जेवाले लयनात, न सांगता. डबामा खोबरानी वाटी नव्हती. रस्साले वाटन कशानं करू, कोर्सनं? फोडा मी तो. दुसरा दिन नवा आना आन कागद चिटकाडा."

आणि एकदम आबांना तो रस्सा आठवला. तीन वाट्या! कोर्टानंच खाल्ला होता पुरावा! फुटला, वाटला, पाच पंचांनी खाल्ला, म्हणजे सोयरीक त्याच संध्याकाळी पुरी झाली होती आणि महिनाभर आमचे भाऊ शेजाऱ्याचं बाळ पाळण्यात ठेवावं तसा परका नारळ राखत बसले होते! आबांनी मिशीवरून हात फिरवला. "फोडा, खाधा... पुरं व्हयनं," ते म्हणाले, आणि मग फार हळू, "पन रस्सा भारी व्हता." आता निकाल काय द्यायचा? भाऊ दोषी म्हटलं तर रस्सा खाणारे पाचही दोषी! न बोलणाऱ्या त्या तिघांनी तर पहिल्यांदाच तोंड उघडलं, "आम्हीन एकच वाटी खाधी व्हती."

भाऊ मात्र दगडावर बसले. मग बायकोला विचारलं, इतक्या खाली आवाजात, की पुढच्या रांगेलाच ऐकू आलं, "रतिलालकडथूनच का आना?"

"मंग कोठून आनू? तुम्हीच सांगतस ना जनमभर, नारय रतिलालकडे!"

भाऊंनी तो नारळ घेतला. सवय हो, दुसरं काय! कानाशी नेला, हलवला. महिना झाला होता, आत पाणी टिकून होतं, खळखळलं. आणि भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "पानी अजून भरपूर शे. चांगला माल शे." बस्स, एवढंच! आणि तुम्हाला सांगतो, घटकेपूर्वी जो जमाव त्यांना खाऊ की गिळू करत होता, त्याच्यात कुजबुज सुरू झाली. महिनाभर? पाणी टिकलं? बदलूनही देतो ना? आणि खांबाकडून, काखेत डबा धरलेल्या धुरपदाबाईचा आवाज आला, "भाऊ, नवा माल उना का हो त्यानाकडे?"

भाऊंनी मान डोलावली. ती आली पुढे, डबा गिरणीत ठेवला, नंबराला लावला, आणि गेली रतिलालकडे. तिच्यामागे बाकीचे गेले. कोर्सनं बुडालेलं अख्खं गाव त्या संध्याकाळी रतिलालच्या दुकानासमोर नारळ हलवत उभं होतं. आता या लोकांना काय म्हणावं तुम्हीच सांगा. आणि कोर्सचं शास्त्र किती खरं होतं बघा, फक्त नंबर तेवढा नव्हता!

सकाळी रतिलाल स्वतः गिरणीत आला. एवढा माल एका संध्याकाळी त्याचा कधी खपला नव्हता. नवा टावेल, नवी टोपी, आणि वर निवडून आणलेला, शेंडी सोडलेला, ठिपकेवाला नारळ. त्यानं मोठ्या मानानं दोन्ही हात पुढे केले. गिरणीत दळणाला पाच बायका बसलेल्या.

भाऊंनी एकदा नारळाकडे बघितलं, एकदा त्या पाच जणींकडे. दोन्ही हात पाठीमागे घेतले, घट्ट बांधले, आणि म्हणाले,

"कळवतो."